बालपुस्तकाचे वरसंशोधन

मुलीचे लग्न ठरवताना बाप जेवढी चौकशी करतो, तिच्या निम्मी चौकशीही लेखक आपल्या पुस्तकाला चित्रकार पाहताना करीत नाही. मुलीच्या बाबतीत घराण्यापासून विहिरीच्या पाण्यापर्यंत सारे विचारून होते. पुस्तकाच्या बाबतीत प्रकाशक फोनवर एवढेच सांगतो, ‘चित्रांचे मी पाहतो, तुम्ही निर्धास्त असा.’ लेखक खरोखरच निर्धास्त होतो. पुढे अक्षता पडल्यावर जे व्हायचे ते होते. मोठ्यांच्या कादंबरीला एखादे विजोड मुखपृष्ठ मिळाले, तर वाचक ते उलटून आत शिरतो. मुलांच्या पुस्तकाला ही सवलत नाही. मूल आधी चित्रात शिरते आणि जमलेच तर तेथून मजकुरात येते. चित्राचे दार बंद असेल, तर आत कितीही पंगत मांडलेली असो, ते उंबऱ्यावरूनच परत फिरते.

हे शहाणपण मला पुस्तकी विद्येतून आलेले नाही. मॅट्रिकनंतर कॉलेजचे तोंड मी पाहिले नाही. जे वाचले ते शाळेच्या कपाटातले आणि लोकांकडून उसने आणलेले. शहाणपण आले ते अपमानातून, आणि तो अपमान तिसरीतल्या एका मुलाने केला.

आमची शाळा साखर कारखान्याच्या जवळ आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या येतात, मोकळ्या रानात कोप्या उभ्या राहतात आणि त्या कोप्यांतली काही मुले हंगामापुरती आमच्या वर्गात येऊन बसतात. गळीत संपून कारखान्याचा पट्टा पडला की ती मुले गाड्यांबरोबर निघून जातात. ह्या मुलांसाठी म्हणून मी एक गोष्ट रचली होती. टोळीबरोबर आलेली एक मुलगी, तिची एक शिंग मोडलेली शेळी, मुक्काम हलवताना ती शेळी हरवते, आणि मग तिचा शोध. तीन हिवाळे मी ती वर्गात तोंडी सांगत आलो. सांगताना मुले मला दुरुस्त करीत. मुलगी कोपीतून धावत बाहेर आली असे मी एकदा म्हणालो, तेव्हा तिसरीतला एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, कोपीचं दार इतकं उंच नसतंय. वाकून निघावं लागतंय.” मी मुकाट्याने मुलीला वाकवले. गोष्ट अशी हळूहळू त्यांची होत गेली. मग मी ती लिहून काढली आणि एका प्रकाशकाने ती छापली.

पुस्तक आले तेव्हा हंगाम चालू होता. मोठ्या थाटात मी वर्गात प्रती वाटल्या. त्या मुलाने चार पाने उलटली, एका चित्रावर बोट ठेवून काही क्षण पाहिले आणि पुस्तक मिटून माझ्या टेबलावर आणून ठेवले. म्हणाला, “हे आपलं नाही गुरुजी. दुसऱ्या कुणाचं आहे.”

मी पुस्तक उघडून पाहिले. चित्रातली मुलगी गोरीपान, गुलाबी फितीची, पायांत बूट घातलेली. घर लाल कौलांचे, धुराड्यातून नागमोडी धूर निघणारे. शेळी पांढरीशुभ्र, दोन्ही शिंगे शाबूत. ही झाली नुसती बाह्य चूक. खरा घात पुढे होता. हरवलेली शेळी कोठे सापडते हे मी तीन प्रकरणे झाकून ठेवले होते. पण ती ज्या पानावर सापडायची, त्याच्या आधीच्याच पानावर पाचटाच्या ढिगाआडून तिचे तोंड चित्रात दिसत होते. दुसऱ्या बाकावरची एक मुलगी ओरडली, “ही काय शेळी, इथंच आहे की!” सारा वर्ग हसला. त्यानंतरची पाने मी वाचली खरी, पण कोणी ऐकत नव्हते. सापडलेल्या शेळीला शोधत कोण फिरेल?

आठवडाभर मी त्या चित्रकारावर मनातल्या मनात दात खाल्ले. मग एका रात्री माझीच जुनी वही हाती लागली. त्यात प्रकाशकाला पाठवलेली यादी होती: बारा चित्रे, बारा ओळी. ‘मुलगी घरातून बाहेर येते.’ ‘मुलगी शेळीला चारा घालते.’ ‘शेळी ढिगाआड सापडते.’ त्या बापड्या चित्रकाराला हस्तलिखित कोणी दिलेच नव्हते. त्याच्यापर्यंत पोचल्या त्या ह्या बारा ओळी, दर चित्रामागे ठरलेली किरकोळ रक्कम आणि आठ दिवसांची मुदत. ‘घर’ म्हटल्यावर त्याने घर काढले. कोपी हा शब्द मी यादीत लिहिलाच नव्हता. मोडक्या शिंगाचा उल्लेखही नव्हता. पाने कोठे उलटणार हे त्याला ठाऊक नव्हते, मलाही नव्हते. ते ठरवले मजकूर पानांत बसवणाऱ्या डीटीपीवाल्याने, आणि त्याने जागा रिकामी दिसेल तेथे चित्र टाकले. आम्ही चौघांनी मिळून एक पुस्तक केले, आणि चौघांपैकी एकानेही ते सबंध पाहिले नव्हते.

अशा वेळी माणूस थोरामोठ्यांच्या गोष्टी शोधू लागतो. त्यात मला एका मास्तराची गोष्ट सापडली आणि ती फार जवळची वाटली. हा मास्तर ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवीत असे. नाव चार्ल्स डॉजसन. जग त्याला लुईस कॅरल म्हणून ओळखते. ४ जुलै १८६२ रोजी नावेतून सहलीला जाताना त्याने बरोबरच्या तीन बहिणींना एक गोष्ट सांगितली, आणि त्यांतल्या अ‍ॅलिस नावाच्या मुलीने ती लिहून देण्याचा हट्ट धरला. डॉजसनने ती आपल्या सुबक हस्ताक्षरात लिहिली आणि तिच्यात स्वतःच्या हाताने ३७ चित्रे काढली. ती वही त्याने १८६४ च्या नोव्हेंबरात अ‍ॅलिसला भेट दिली.

येथवरचे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असते. मला नवल वाटते ते पुढचे. स्वतः काढलेली ३७ चित्रे हाताशी असताना ह्या माणसाने पुस्तक छापायचे ठरताच ती बाजूला ठेवली. वहीतली चित्रे एका मुलीसाठी होती आणि तेथे ती शोभत होती. अनोळखी मुलांच्या हाती द्यायला आपला हात पुरा पडणार नाही, हे त्याने ओळखले. आपल्याच लेकराविषयी इतके निर्मळ मत बनवणे सोपे नव्हे.

मग वरसंशोधन सुरू झाले. ‘पंच’ साप्ताहिकात जॉन टेनिएल नावाचा व्यंगचित्रकार होता. त्याने १८४८ मध्ये इसापनीतीची चित्रे काढली होती, आणि माणसांसारखे वागणारे प्राणी काढण्यात त्याचा हात बसलेला होता. डॉजसनच्या गोष्टीत अंगात कोट घातलेला, खिशातून घड्याळ काढणारा ससा आहे. तेव्हा हे स्थळ विचारपूर्वकच हेरलेले होते. मध्यस्थ म्हणून टॉम टेलर ह्या नाटककाराला गाठले, त्याच्यामार्फत विचारणा केली आणि १८६४ च्या एप्रिलात होकार मिळवला. पैसा डॉजसनच्या पदरचा. पुस्तकाचा खर्च सोसायचे त्याने कबूल केले होते.

पुस्तकात टेनिएलची ४२ चित्रे आहेत. इंग्रजी मला अडखळतच येते. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते वाचले. वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. अ‍ॅलिस कशी दिसते, तिचे नाक कसे, झगा कोणत्या तऱ्हेचा, ह्याविषयी लेखक जवळजवळ काही सांगतच नाही. एका ठिकाणी ग्रिफन नावाचा काल्पनिक प्राणी येतो. तेथे तर तो वाचकाला बजावतो की हा कसा असतो ते ठाऊक नसेल तर चित्र पाहून घ्या. म्हणजे लेखकाने चित्रकाराचा वाटा बाजूला काढून ठेवला आहे. त्याच्या ताटातले आपण जेवायचे नाही. आमच्याकडे लेखक ‘तिचे डोळे हरिणीसारखे होते’ असे लिहितो आणि चित्रकार खाली हरिणीसारखे डोळे काढतो. एकच गोष्ट दोनदा सांगितली जाते, आणि मुलाला काय, मोठ्यालाही तो कंटाळा लगेच कळतो.

आता ह्या संसारातला पहिला खटका ऐका. १८६५ च्या उन्हाळ्यात ऑक्सफर्डच्या छापखान्यात पुस्तकाच्या दोन हजार प्रती छापून झाल्या. टेनिएलने त्या पाहिल्या आणि चित्रांची छपाई आपल्याला मुळीच पसंत नसल्याचे कळवले. डॉजसनने काय करावे? त्याने ती आवृत्तीच मागे घेतली. ज्या स्नेह्यांना भेट म्हणून प्रती गेल्या होत्या, त्यांच्याकडून त्या परत मागवल्या, आणि लंडनच्या दुसऱ्या मुद्रकाकडे सगळे पुस्तक नव्याने छापून घेतले. अध्यापकाच्या मिळकतीतून हा भुर्दंड सोसणे म्हणजे काय, हे पहिल्या तारखेची वाट पाहणाऱ्यांना सांगायला नको. त्या पहिल्या छपाईच्या जेमतेम वीस-बावीस प्रती आज जगात उरल्या असून त्यांना अफाट मोल आले आहे. पण तो नंतरच्या काळाचा विनोद. त्या दिवशी प्रश्न एवढाच होता: पुस्तकाविषयी ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार चित्रकाराला आहे की नाही? डॉजसनने तो मान्य केला.

पुढल्या पुस्तकात हा अधिकार आणखी आत शिरला. ‘थ्रू द लुकिंग ग्लास’ १८७१ च्या अखेरीस निघाले. ते लिहून होत असताना, १८७० मध्ये, टेनिएलने एका पत्रात दोन गोष्टी सुचवल्या. आगगाडीच्या डब्याला उसळी बसते तेव्हा अ‍ॅलिसने शेजारच्या म्हातारीचे केस धरावेत असे लेखकाने लिहिले होते. त्याऐवजी हाताशी असलेल्या बोकडाची दाढी तिने धरावी. दुसरी सूचना जिव्हारी लागण्यासारखी होती. टोप घातलेल्या एका गांधीलमाशीचा प्रसंग पुस्तकात होता. त्यात आपल्याला जराही गोडी वाटत नाही, त्याचे चित्र कसे काढावे ते सुचत नाही आणि पुस्तक आटोपशीर करायचे असेल तर ती जागा हीच, असे त्याने कळवले. डॉजसनने तो प्रसंग गाळला. शंभर वर्षांनंतर, १९७४ मध्ये, त्या मजकुराची मुद्रिते लिलावात निघाली, तेव्हा जगाला तो वाचायला मिळाला. मीही वाचला. एका कुरकुऱ्या म्हाताऱ्या माशीचे ते लांबलेले रडगाणे आहे. माझ्या मते टेनिएलचा निकाल बरोबर होता. ‘चित्र सुचत नाही’ ह्या त्याच्या तक्रारीचा अर्थ ‘ह्या जागी काही घडत नाही’ असाच होता. लेखकाला जे चार समीक्षकांनी सांगूनही पटले नसते, ते चित्रकाराच्या अडलेल्या पेन्सिलीने सांगितले.

आणि मांडणी पाहा. ह्याच पुस्तकात अ‍ॅलिस आरशातून पलीकडे जाते. पानाच्या एका बाजूला ती आरशात शिरताना दिसते. तेच पान उलटले की मागच्या बाजूला, नेमक्या त्याच जागी, ती आरशाच्या पलीकडून बाहेर येते. कागद हाच आरसा झाला. पान उलटणारा मुलाचा हातच तिला पलीकडे नेतो. माझ्या पुस्तकातल्या पाचटाआडच्या शेळीची मला येथे आठवण झाली आणि कान गरम झाले. पान उलटणे ही मुलांच्या पुस्तकातली सर्वांत मोठी घटना असते. ती कोठे घडवायची हे ज्याला कळते तो मांडणीकार. बाकीचे मजकूर भरणारे.

लेखकाने सदैव चित्रकाराच्या ओंजळीने पाणी प्यावे, असे मात्र ह्यावरून कोणी समजू नये. त्याच पुस्तकाच्या आरंभी, मुख्य पानासमोर, टेनिएलने काढलेला जॅबरवॉक नावाचा अक्राळविक्राळ राक्षस बसवायचे ठरले होते. लहान मुले भितील अशी डॉजसनला शंका आली. तेव्हा त्याने सुमारे तीस आयांना पत्रे पाठवून त्यांचे मत मागवले. परिणामी राक्षस आत गेला आणि समोर एक भोळसट म्हातारा सरदार घोड्यावर बसून आला. राक्षस रद्द झाला नाही, हे ध्यानात घ्या. त्याची फक्त जागा बदलली. दार उघडताच अंगावर येण्याऐवजी तो माजघरात गेला. भीती मुलांनाही हवी असते, ओळख झाल्यावर. हे ज्या तीस आयांना कळले त्यांना माझा नमस्कार.

अर्थात हा संसार गोडीगुलाबीचा नव्हता. डॉजसन बारीकसारीक गोष्टींत लक्ष घालून छळणारा होता, टेनिएल मानी होता, आणि दोन पुस्तकांनंतर त्याने त्याच्या नव्या गोष्टीला पुन्हा चित्रे काढली नाहीत. परंतु ती दोन पुस्तके राहिली.

पहिल्या भेटीतच पसंती झाली पाहिजे असेही नाही. इंग्लंडातच ए. ए. मिल्न ह्या लेखकाला ‘पंच’मधल्या अर्नेस्ट शेपर्डची चित्रे पूर्वी अगदी टाकाऊ वाटत. ई. व्ही. लुकास ह्या मध्यस्थाने आग्रह धरला, म्हणून १९२४ च्या बालकवितांच्या पुस्तकासाठी शेपर्ड आला. १९२६ मध्ये ‘विनी द पू’ निघाले. त्यातले अस्वल शेपर्डने काढले ते लेखकाच्या मुलाचे खेळणे पाहून नव्हे. त्याच्या स्वतःच्या मुलाचे एक जुने अस्वल घरात होते, ते पाहून. घरातले सगळे जण ज्याला येताजाता उचलतात त्या खेळण्याची पोक त्या रेषेत उतरली आहे. मिल्नचे मत पुरते बदलले, आणि त्याने पुस्तकाच्या उत्पन्नात शेपर्डला वाटा दिला. त्या काळी चित्रकाराला एकदाच रक्कम देऊन वाटेला लावीत. आमच्याकडे पुष्कळ ठिकाणी अजूनही तेच चालते. मग त्याने हिशेबापुरते काम केले, तर दोष कोणाला द्यायचा?

रोआल्ड डाल आणि क्वेंटिन ब्लेक ह्यांची जोडी १९७८ मध्ये जमली. १९८२ च्या ‘द बीएफजी’ ह्या पुस्तकातल्या प्रेमळ राक्षसाच्या पायांत प्रथम बूट होते. चित्रात ते काही केल्या शोभेनात. बूट नको असे ठरले, पण मग काय? एके दिवशी ब्लेकच्या घरी टपालाने एक पुडके आले. आत डालच्या स्वतःच्या पायातली एक भली थोरली सँडल होती. राक्षसाच्या पायांत तीच गेली. मला हा प्रसंग फार आवडतो. लेखकाने चित्रकाराला सूचनांची यादी धाडली नाही, आपल्या पायातली वस्तू धाडली. मीही एखाद्या कोपीचे फोटो, निदान पाचटाची एक पेंढी पाठवू शकलो असतो.

कोणी म्हणेल, लेखकानेच चित्रे काढली की झाले! ज्याच्या हाती दोन्ही कला आहेत त्याने जरूर काढावीत. बंगालमध्ये उपेंद्रकिशोर राय चौधुरींनी चित्रे नीट छापता यावीत म्हणून हाफटोन ठशांचे तंत्र स्वतः अभ्यासले आणि १९१३ मध्ये मुलांसाठी ‘संदेश’ मासिक काढले. त्यांचे चिरंजीव सुकुमार राय विलायतेत मुद्रणकला शिकून आले. त्यांचे ‘आबोल ताबोल’ १९२३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत, निघाले. कविता त्यांच्या आणि चित्रेही त्यांचीच. मराठीत माधुरी पुरंदरे ह्यांची ‘राधाचं घर’सारखी पुस्तके पाहा. मजकूर आणि चित्र एकाच मनातून आलेले, त्यामुळे कोणी कोणाच्या पायात येत नाही. परंतु असे दुहेरी हात विरळा. उरलेल्यांना दुसऱ्याचा हात मागावाच लागतो.

आणि तो योग्य हाती गेला, तर काय होऊ शकते? सुकुमार रायांचेच चिरंजीव सत्यजित हे चाळीसच्या दशकात कलकत्त्याच्या एका जाहिरात कंपनीत नोकरी करीत आणि सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची सजावट करीत. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती त्यांच्याकडे आली. तिचे नाव ‘आम आंटिर भेंपू’, म्हणजे आंब्याच्या कोयीची पिपाणी. ती चित्रे काढताना ती दोन भावंडे त्यांच्या मनात जी शिरली ती बाहेर पडेनात. १९५५ मध्ये त्यांचा चित्रपट आला, तो ह्याच कथेवर. जगाने वाखाणलेल्या त्या चित्रपटाचे एक मूळ मुलांच्या पुस्तकातल्या रेखाटनांत आहे. चित्रकाराला यादी न देता सबंध गोष्ट दिली, म्हणजे असे पीक येते.

आता आपल्या अंगणात येऊ. आपण मराठी माणसे चित्रे पाहायला शिकलो ती पुष्कळशी दिवाळी अंकांवर. १९०९ मध्ये का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली. १९४५ मध्ये दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ काढले, आणि दलाल-मुळगावकरांच्या मुखपृष्ठांनी घरोघरच्या भिंतीदेखील सजल्या. हे ऋण मोठे आहे. पण त्यातून एक सवय जडली: चित्र म्हणजे मुखपृष्ठ, आणि ते देखणे असले की झाले. मुलांच्या पुस्तकाला मुखपृष्ठाहून आतल्या पानांची गरज अधिक. तेथे देखणेपण दुय्यम. चित्र वेळेवर यावे लागते.

चित्रकार पाहायला निघालेल्या लेखकाने आणि प्रकाशकाने मग काय पाहावे? वर्गात पुस्तके हाताळणाऱ्या मास्तराच्या नात्याने चार गोष्टी सांगतो. पहिली, त्याने सबंध हस्तलिखित वाचायला मागितले का? जो वाचण्याआधीच दर सांगतो त्याला नमस्कार करून परत यावे. दुसरी, वाचल्यावर त्याने काही विचारले का? ज्याला एकही प्रश्न पडला नाही त्याला एकही चित्र दिसलेले नाही. तिसरी, तो अक्षरांकडे पाहतो का? आपल्या नागरी लिपीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात. दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो, आणि दुसरीतले मूल तेथेच ठेचाळते. रंगीत चित्रावर पांढरी अक्षरे छापली तर ते दोन्ही सोडून देते. ओळ संपताना शब्द तोडून अर्धा खाली नेला, तर मुले तो दोन शब्द समजून वाचतात. हे मी रोज ऐकतो. चित्रकार एक, अक्षरे बसवणारा दुसरा आणि दोघांची गाठ नाही, असे पुस्तक म्हणजे वधूवरांना न विचारता जमवलेले लग्न. चौथी गोष्ट, तो तुम्हाला ‘येथे तुमचे वाक्य नको’ असे सांगू शकतो का, आणि तुम्ही ते ऐकून घेऊ शकता का? ही परीक्षा त्याची कमी, आपली अधिक.

मीही ही परीक्षा दिली. पहिली आवृत्ती कशीबशी संपल्यावर शेजारच्या तालुक्यातल्या एका चित्रकला शिक्षकांकडे मी वही घेऊन गेलो. त्यांनी ती पंधरा दिवस ठेवून घेतली. मग मला बसवून विचारले, “शेळी उस्मानाबादी ना? म्हणजे काळी, लांब कानांची. शिंग कोणते मोडले आहे, डावे की उजवे?”

मी म्हणालो, “कोणतेही काढा.”

“कोणतेही कसे? मोडले कशाने ते सांगा, म्हणजे बाजू ठरेल.”

इतकी वर्षे ती गोष्ट मी सांगत होतो, आणि शिंग कशाने मोडले ते मला ठाऊक नव्हते. घरी येऊन विचार केला, तेव्हा गाडीच्या चाकाचा प्रसंग सुचला. आज मुलांना तोच सर्वांत आवडतो. पुढे त्यांनी माझे संध्याकाळचे दीड पानाचे वर्णन दाखवले. ह्या दीड पानावर माझा फार जीव होता. ते म्हणाले, “एवढे माझ्याकडे सोपवा आणि तुम्ही खोडा.” दोन दिवस मी रुसून होतो. तिसऱ्या दिवशी खोडले. नंतर ते स्वतः येऊन दोन दिवस कोप्यांमध्ये बसले आणि वह्या भरून घेऊन गेले. शेळी आता पान उलटल्यावरच सापडते.

गेल्या हंगामात कच्ची चित्रे जोडून केलेली प्रत मी वर्गात नेली. पहिलीतली एक मुलगी कोपीचे चित्र पाहताना एकदम मान खाली घालून म्हणाली, “इथं डोकं लागतंय.” मी काही बोललो नाही. टेनिएलला नसेल मिळाली अशी शाबासकी.

ह्या दिवाळीत मुलांना फटाक्यांबरोबर एखादे पुस्तक घ्याल, तेव्हा एवढे करा: मुखपृष्ठ पाहून पसंत करू नका, मधले कोणतेही पान उघडा. चित्र झाकून मजकूर वाचा, मग मजकूर झाकून चित्र पाहा. दोन्हींनी तेच सांगितले तर एक फुकट गेले. चित्रकाराचे नाव आत कोठे छापले आहे ते शोधा. सापडले नाही तर दुकानदाराला विचारा. आणि पुस्तक मुलाच्या हाती दिल्यावर पान त्यालाच उलटू द्या.

ज्या मुलाने माझे पुस्तक परत केले तो त्यानंतर आमच्या शाळेत आला नाही. त्यांची टोळी दुसऱ्या कारखान्याकडे गेली असे कोणीसे म्हणाले. आता तो चौदा-पंधरा वर्षांचा असेल. कदाचित स्वतःच कोयता धरीत असेल. नव्या आवृत्तीची एक प्रत मी शाळेच्या कपाटात वेगळी ठेवली आहे. तिच्यावर ग्रंथालयाचा शिक्का मारलेला नाही. दिवाळी झाली की गाड्या येतील. दरवर्षीप्रमाणे यंदाही मी कोप्यांकडे चक्कर मारून त्या गावचे कोणी आले आहे का ते विचारीन.